दगडूच्या जीपचा हँडब्रेक

जीप हलली ती यशोधरा मॅडमनी पाहिली, म्हणून बरं झालं. नाही तर दगडूला पत्ताच लागला नसता. तो आपला शाळेच्या ओट्यावर मांडी घालून डबा खात बसला होता. डब्यात भेंडी होती, आणि भेंडी असली की दगडू इकडेतिकडे बघत नसे.

आता हलली म्हणजे फार नाही. वीतभर. पण उतारावर उभी केलेली गाडी, आत कोणी नाही, हँडब्रेक ओढलेला, आणि तरी ती आपल्या मनाने वीतभर खाली सरकली म्हणजे काय? खाली मैदानात पोरं खो-खो खेळत होती. मॅडम ओरडल्या, "दगडूजी! गाडी, गाडी!" दगडू उष्ट्या हातानेच पळाला आणि मागून खांदा लावून उभा राहिला. खांद्याने जीप थांबते का कधी? पण थांबली बापडी. हेडमास्तरांनी एक धोंडा लोटत आणून चाकाखाली दिला, तेव्हा कुठे दगडूने श्वास सोडला. बघतो तर पोळीचा तुकडा अजून मुठीतच.

हे हेडमास्तर म्हणजे अच्युतराव सर. दगडूसारखेच इंदूरचे. त्यांचे आजोबा होळकरांच्या दरबारात मोठे कामदार, म्हणजे कारभारी, होते, आणि त्या सगळ्या थाटातली उरलेली एक टेकडी यांच्या वाट्याला आली होती, मानपुरच्या अलीकडे. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात, यांनी टेकडीवर शाळा काढली. पोरं आसपासच्या पाड्यांवरची, आणि शिकवणाऱ्या मॅडम लोक इंदूरहून यायच्या. मुंबई-आग्रा रोड सोडला की पुढे रस्ता म्हणावा असं काही नव्हतंच. एक नाला, मग गोटेच गोटे, मग चढ. तिथे पाहिजे जीप. आणि जीप दगडूकडे होती. पहिलाच आठवडा होता, ट्रायल म्हणा ना.

अच्युतराव रागावले नाहीत. रागावले असते तर दगडूला सोपं गेलं असतं.

"दगडूजी," ते म्हणाले, "माणूस तुम्ही चांगले आहात. नाला तुमच्यासारखा कोणी ओलांडत नाही. पण गाडी दिवसभर इथेच उभी राहणार. दुसरी सपाट जागा म्हणजे ते मैदान, आणि तिथे मुलं."

"सर, गिअरमध्ये टाकून ठेवतो ना."

"आज टाकली नव्हती का?"

टाकली होती. म्हातारा गिअर होता, आपोआप निसटायचा.

"चाकाखाली लाकडाचा गुटका लावतो मग. रोज."

"मुलं काढून नेतील हो. त्यांना बॅट नाही, स्टंप नाहीत. तुमचा गुटका किती दिवस टिकेल?" सरांनी चाकाखालच्या धोंड्याकडे बघितलं. "असं करा. एक आठवडा घ्या. तोवर आम्ही बसने येऊ आणि नाल्यापासून चालू. पुढच्या सोमवारी गाडी आणा. दिवसभर आपल्या ब्रेकवर उभी राहिली तर काम तुमचं. नाही तर महूचा एक जण नवी गाडी घेऊन तयार आहे. मला नाही म्हणता येणार नाही."

झालं. एवढंच बोलणं. परत येताना मागे बसलेल्या मॅडम लोक एकदम गप्प होत्या, आणि राऊ गाव येईपर्यंत दगडूला आपल्या इंजिनाचा एकेक खडखडाट मोजून ऐकू आला.

हे काम म्हणजे दगडूसाठी काय होतं, ते सांगायला पाहिजे. कापडाची मिल बंद पडून दोन वर्षं होत आली होती. लूम खात्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा. पोरवयात तेलवाला म्हणून लागला, मशीनना तेल घालणारा, मग चढत चढत जॉबर झाला. एक दिवस फाटकावर कुलूप दिसलं. लोक आधी म्हणाले आठ दिवसांत उघडेल. मग म्हणाले दिवाळीनंतर. मग म्हणायचे थांबले. शहरात एकीकडे नवी नवी दुकानं, रंगीत टीव्ही, परदेशी थंड पेयांच्या पाट्या, आणि इकडे दगडूच्या परदेशीपुऱ्यात धडधाकट माणसं दिवसाढवळ्या ओट्यावर पत्ते खेळत बसलेली. दगडूचं घर जयाच्या पगारावर चालायचं. जया त्याची बायको, कृष्णपुऱ्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात आया होती. ती कधी काही बोलली नाही. पण सकाळी ती साडीच्या निऱ्या सारखी करून कामावर निघायची आणि हा दारात उभा राहून टाटा करायचा, हे त्याला आतून फार लागायचं.

जीप आली महूहून, फौजेच्या लिलावातून. दगडूचे वडील फौजेत ड्रायव्हर होते, त्यामुळे लिलावात कुठली गाडी मेलेली आणि कुठली नुसती झोपलेली, हे सांगणारे दोन म्हातारे अजून ओळखीचे होते. फौजेने काढून टाकलेली जुनी जीप. छत फाटकं, सीटचा काथ्या बाहेर आलेला. दगडूने तिला अंगणात आणून स्वतःच्या हाताने उभं केलं. मिस्त्रीला एकदाही बोलावलं नाही. "लूमचे हजार तुकडे जोडले आयुष्यभर," तो म्हणायचा, "हिला तर चारच चाकं आहेत."

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा जया तांदूळ निवडत होती. तोंड बघूनच तिला कळलं.

"काय झालं?"

त्याने सांगितलं. वीतभर म्हणायच्या जागी चार बोटं म्हणाला, पण सांगितलं.

जयाचा हात ताटलीत थांबला. "खाली पोरं होती?"

"होती. पण लांब होती ग."

"मग ऐका आता. ज्या दिवशी ही गाडी उतारावर आपली आपण उभी राहील, त्या दिवशी मी हिच्यात बसेन. तोवर मला सवाऱ्यांचा टेम्पो बरा." आणि ती परत तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दगडूने काम काढलं.

या जीपचा हँडब्रेक चाकांत नसतो. तो असतो गाडीच्या पोटाखाली, गिअरबॉक्सच्या मागे, जिथून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा निघतो. तिथे एक लोखंडी डबा, भगोन्याएवढा, लहान पातेलं म्हणा ना. त्या डब्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या, अस्तर लावलेल्या. दांडी ओढली की केबल ताणली जाते, पट्ट्या फाकतात आणि डब्याला आतून घट्ट धरतात. मग दांडा फिरत नाही, चाकं फिरत नाहीत. इतकी साधी गोष्ट. अनाडी माणूस काय करतो, ब्रेक ढिला वाटला की केबल ताणत जातो. दगडू अनाडी नव्हता. आधी पट्ट्या, मग केबल, हे त्याला बरोबर ठाऊक.

त्याने पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली लाकडाचे जाड ठोकळे दिले. मग पोतं अंथरून पाठीवर खाली शिरला. तेवढ्यात मोहन आला. मोहन मिलमधलाच, आता गल्लीच्या तोंडाशी पोह्याचा ठेला लावायचा. पोहे संपले की त्याला दुनियेची चौकशी करायला वेळच वेळ.

"काय भिया, गाडीनं गिळलं का तुमाले?"

"पाना दे तो. तो नाही, त्याच्या बाजूचा."

मोहनने पाना दिला आणि उकिडवा बसून खाली डोकावला. "मी काय म्हणतो, नाव तुमचं दगडू, आणि चाकाखाली लावता विटा आणि लाकूड. तुम्हीच आडवे पडा ना भिया. काम खतम."

"मी आडवा पडलो तर तुझे पोहे कोण खाईल? उधारीवर खाणारा मी एकटाच आहे."

"ते पण बरोबर आहे," मोहन म्हणाला.

दगडूने डबा उघडला तर आत तेलच तेल. पट्ट्यांचं अस्तर चकचकीत ओलं. तो खूश झाला. रोग सापडला म्हटल्यावर कारागीर खूश होतो. अस्तर पेट्रोलने धुतलं, उन्हात ठेवलं, सँडपेपरने घासून खरखरीत केलं. परत बसवलं. आतल्या दातेरी चकतीला स्क्रू ड्रायव्हरने एकेक दात सरकवत पट्ट्या फाकवल्या, लांब दांडा हाताने फिरवून बघितला, अडकला तसे दोन-चार दात मागे घेतले, मोकळा फिरला. मग केबल. थोडीशी ढील ठेवून नट कसला. बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर पोत्याची छापील अक्षरं उमटली होती.

संध्याकाळी तो जीप घेऊन एकटाच कृष्णपुऱ्याला गेला. तिथे होळकरांच्या समाधीच्या छत्र्यांच्या बाजूने रस्ता नदीकडे उतरतो, चांगला खडा उतार. मधोमध जीप उभी केली, गिअर मोकळा ठेवला, हँडब्रेक ओढला आणि पायाचा ब्रेक सोडला. जीप हलली नाही. खाली उतरून मागून धक्का दिला. नाही हलली. एका कबूतराने छत्रीवरून उडून येऊन बॉनेटवर बैठक मारली, तरी नाही. दगडूने तिथेच भुट्ट्याचा कीस खाल्ला, पानाचा द्रोण चाटून पुसून, आणि घरी येताना गाणं म्हटलं. आवाज त्याचा फाटका होता, पण जीप त्याहून फाटकी, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

"चल," सकाळी तो जयाला म्हणाला. "आज दवाखान्यात मी सोडतो. आधी छत्र्यांच्या उतारावर उभी करून दाखवतो, मग बस."

"मी टेम्पोने तिथपर्यंत येते," जया म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा."

आता सकाळची गोष्ट अशी असायची. दगडू पहाटे उठायचा, कारण मिलचा भोंगा त्या वेळी व्हायचा. भोंगा आता होत नव्हता, पण दगडू उठायचा. तोंड धुतलं, चहा घेतला, की खुंटीवरची कुप्पी काढायची. ती त्याची स्वतःची, तेलवाला होता तेव्हापासूनची, लांब वाकड्या चोचीची. सियागंजच्या बाजारातून तो मिलमध्ये असायचं तसलंच पातळ तेल आणायचा आणि जीपभोवती एक फेरी मारायचा. बिजागऱ्यांना एकेक थेंब, पेडलांना, दांड्यांना, खाली वाकून सांध्यांना. टुक, टुक, टुक. मशीन चालू करायच्या आधी तेल द्यायचं, हे त्याच्या हाडात भिनलेलं. लूमला तेल न देता पट्टा चढवणाऱ्याला त्याने भर खात्यात शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी पण त्याने फेरी मारली आणि निघाला.

जया छत्र्यांपाशी पिशवी घेऊन उभी होती. दगडूने जीप उतारावर उभी केली, हँडब्रेक ओढला, उडी मारून खाली आला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "बघ! हात नाही, पाय नाही!"

जया बघत होती. जीप उभी होती. दूधवाला सायकल थांबवून बघायला लागला. दगडू हात वर करूनच हसत होता, आणि त्याच्या मागे जीप अगदी सावकाश, जशी म्हातारी बाई पायरी उतरते तशी, नदीकडे निघाली.

"अहो!" जया म्हणाली.

दगडू कसा आत चढला आणि कसा पाय ब्रेकवर गेला, त्याचं त्याला ठाऊक. चार हातांवर जाऊन जीप थांबली. दूधवाला म्हणाला, "काकासाब, टहलने जा री थी क्या?" आणि गेला निघून. जया जवळ आली. तिने दगडूचा हात धरला.

"लागलं नाही ना?"

"काल थांबली होती ग. देवाशप्पथ थांबली होती."

"थांबली असेल," ती म्हणाली. "मला उशीर होतोय." आणि पिशवी सावरत पायीच गेली. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

त्याने परत डबा उघडला. परत तेल. आता त्याने ठरवलं की गिअरबॉक्सचं सील फाटलं असणार, तिथून तेल गळून डब्यात शिरतं. कोणीही हेच म्हटलं असतं. सियागंजात जाऊन नवं सील आणलं. त्यासाठी लांब दांडा खोलावा लागला, डबा पूर्ण काढावा लागला, एक नट इतका गंजलेला की पाइप लावून अंगाचा भार टाकला तेव्हा सुटला आणि दगडूचं कोपर चेसीसवर आपटलं. दोन दिवस गेले त्यात. सील बसवलं, अस्तर धुतलं, घासलं, एकेक दात मोजून पट्ट्या बसवल्या, केबल लावली. संध्याकाळी घराजवळच्या नाल्याच्या पुलाच्या चढावर उभी केली. खांब रोवावा तशी उभी. रात्री तो शांत झोपला. सकाळी चहा, कुप्पी, फेरी, आणि पुलावर गेला.

जीप मागे आली.

शनिवारी तो पत्ते खेळणाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. पत्ते घेतले नाहीत, नुसता बसला. मोहनने पोह्यांची प्लेट आणून दिली, वर शेव जरा जास्तच घातलेली.

"भिया, विकून टाका," तो हळू म्हणाला. त्या दिवशी त्याने मस्करी केली नाही. "काही काही गाड्या असतात अशा. तुमच्यात काही कमी नाही. गाडीच तशी."

"संध्याकाळी थांबते," दगडू म्हणाला. "सकाळी नाही थांबत. अशी कुठे गाडी असते का? गाडीला काय कळतं सकाळ आहे का संध्याकाळ?"

"सर काही गाडीत वाकून बघणार आहेत का? सोमवारी टेकडीवर उभी करा आणि तुम्ही आत बसून राहा दिवसभर. पायाने ब्रेक दाबून."

दगडूने त्याच्याकडे बघितलं. हा विचार त्याच्या पण मनात आला होता, खोटं कशाला. एक दिवस बसेल माणूस. पण रोज? कधी पाणी प्यायला उठणार, कधी डोळा लागणार. आणि खाली खो-खो.

"नाही रे," तो म्हणाला. "नाही थांबली तर मी सरांना जाऊन सांगतो, महूवाल्याला बोलवा."

हे त्याने म्हटलं खरं, पण पोह्यांची प्लेट तशीच मोहनच्या हातात परत दिली.

रविवारी जयाला सुट्टी. ती अंगणात नळाजवळ कपडे धूत होती आणि दगडू जीपखाली. तिसऱ्यांदा डबा उघडला. पट्ट्या काढून त्याने एका जुन्या चिंधीवर ठेवल्या, आणि पाय पसरून तिथेच जमिनीवर बसला. ओल्या होत्या. नवं सील असून ओल्या.

"गिअरबॉक्सच फुटका असेल," तो कोणालाच नाही असं म्हणाला. "वरचं कवचच तडकलं असेल. संपलं मग."

जया हात पुसत आली. तिला पट्ट्यांशी काही देणंघेणं नव्हतं, तिला ती चिंधी हवी होती. जुन्या परकराची होती आणि तिने ती भांड्यांसाठी ठेवलेली. तिने ती उचलली, तोंड वाकडं केलं, आणि मग थांबली. परत नाकाजवळ नेली.

"हे कसलं तेल?"

"गिअरबॉक्सचं. दुसरं कुठलं असणार?"

"नाही."

"नाही म्हणजे? खोबऱ्याचं आहे का मग?"

"हा तुमच्या शर्टांचा वास आहे," जया म्हणाली.

दगडू पट्ट्या सोडून तिच्याकडे वळला.

"लग्न झाल्यापासून धुतलेत तुमचे मिलचे शर्ट. सोडा घाला, लिंबू घाला, जात नसे. मिल बंद झाली आणि वास गेला. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं." तिने जीपखाली पडलेली दुसरी चिंधी उचलली, जिने त्याने गिअरबॉक्सचं तेल पुसलं होतं. काळी, चिकट. "हे बघा हे. सडक्या लसणासारखं घाण मारतंय. आणि हे ते नाहीच."

दगडूने दोन्ही चिंध्या घेतल्या. एक हुंगली, दुसरी हुंगली. मग उठला, खुंटीवरची कुप्पी आणली आणि एक थेंब बोटावर घेतला. पातळ, पाण्यासारखं. चिंधीवरचं पण पातळ. वास तोच. डोळे मिटले तर दोनशे लूम चालू आहेत असं वाटावं.

"सकाळी कुठे कुठे तेल घालता तुम्ही?"

"सगळीकडे. जिथे काही हलतं तिथे."

"ब्रेकला?"

"ब्रेकला कोण तेल घालतं! मी काय वेडा आहे? लूमच्या ब्रेकला चामडं असतं, त्याला थेंब लागला तरी आम्ही..." आणि तो थांबला.

डब्याच्या पाठीमागे एक छोटा लोखंडी हात बाहेर आलेला असतो. केबल त्याला ओढते, तो हलतो, आणि आतल्या पट्ट्या फाकवतो. हलतो ना. म्हणून दगडू रोज सकाळी खाली वाकून त्याच्या मुळाशी थेंब सोडायचा. एक नाही, दोन-तीन. जागा अडचणीची, म्हणून जरा जास्तच. लूमवर ब्रेकचं चामडं उघडं, डोळ्यांसमोर, तेलवाला चुकत नाही. इथे सगळं डब्यात झाकलेलं. तेल हाताच्या मुळातून आत जायचं, डबा फिरला की पट्ट्यांवर पसरायचं. संध्याकाळी कोरडं करायचा तो, आणि सकाळी भिजवायचा पण तोच.

"मीच," तो म्हणाला. "रोज. नेमाने."

जया त्याच्या शेजारी खाली बसली. साडीला डाग लागेल याचा विचार न करता बसली.

"तेल दिल्याशिवाय मशीन चालू करवत नाही ग मला," दगडू म्हणाला. "हातच जातो."

"जाऊ द्या ना हात. पण थांबणं हेच ज्याचं काम, त्याला कशाला पाजता?"

मग आधी तिला हसू आलं. दगडूने रागावून बघितलं, पण रागाने काही धरलं नाही, आणि तो पण हसायला लागला. मोहन ठेला ढकलत घरी चालला होता, तो फाटकातून डोकावून म्हणाला, "काय झालं भिया, विकली का?"

"नाही रे," दगडू म्हणाला. "तेलवाल्याला काढून टाकलं."

त्या दुपारी त्याने अस्तर पेट्रोलने दोनदा धुतलं. डबा आतून पुसला, त्या लोखंडी हाताच्या मुळाशी सुतळी फिरवून फिरवून तेल काढलं आणि तिथे कणभर ग्रीस लावलं, नखावर मावेल एवढंच. जयाने पट्ट्या छतावर पापडांच्या शेजारी उन्हात ठेवल्या, आणि कावळ्यांना हाकलायला दोन्हींसाठी एकच काठी. मग सँडपेपर, मग बसवणं, दाते, केबल. अंधार पडायच्या आत झालं सगळं.

सोमवारी पहाटे तो उठला. चहा घेतला. खुंटीवरून कुप्पी काढली आणि जीपजवळ गेला. आणि तिथे उभाच राहिला. बराच वेळ. जया दारातून बघत होती. हातात कुप्पी, समोर मशीन, आणि तेल द्यायचं नाही. दगडूला अंघोळ न करता जेवायला बसल्यासारखं वाटत होतं. शेवटी तो वळला आणि अंगणाच्या फाटकाकडे गेला. ते फाटक त्याच्या बापाच्या वेळेपासून किरकिरत होतं. त्याने वरच्या बिजागरीला तेल दिलं, मग खालच्या. उघडून बघितलं, बंद करून बघितलं. आवाज नाही. तेव्हा कुठे हाताला शांतता मिळाली.

वळला तर जया जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेली. नवी साडी, मांडीवर डबा.

"दवाखाना?"

"सुट्टी टाकलीय."

"अजून उतारावर उभी नाही केली मी."

"तिथेच करा," ती म्हणाली. "मी बघते."

वाटेत मॅडम लोकांना घेतलं. नाला ओलांडला, गोट्यांवरून जीप नाचत गेली, जयाने दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला पण ओरडली नाही. टेकडीवर दगडूने जीप नेहमीच्या जागी लावली, तोंड वर, पाठ मैदानाकडे. गिअर मोकळा सोडला. हँडब्रेक ओढला. खाली उतरला.

अच्युतराव सर खडू घेऊन आले. मास्तर माणूस, दुसरं काय आणणार. मागच्या चाकाजवळ वाकून त्यांनी टायरला मागून चिकटून खालच्या कातळावर एक पांढरी रेघ ओढली. "आता हिच्यावर चढायचं नाही," ते जीपला म्हणाले, जसं पहिलीच्या पोराला सांगावं. मग पोरांचा खो-खो खालच्या मैदानाऐवजी शाळेच्या मागे हलवला, तेवढ्या एका दिवसासाठी, आणि वर्गात गेले.

जया ओट्यावर बसली. दगडू बसेना. तो जीपभोवती फिरला, रेघेजवळ उकिडवा बसला, उठला, परत बसला. यशोधरा मॅडम वर्गाच्या खिडकीतून सारखं बघत होत्या, त्यामुळे त्यांच्या वर्गात त्या दिवशी पाढे दोनदा म्हटले गेले. मधल्या सुट्टीत पोरांनी रेघेभोवती रिंगण केलं. एक पोरगी पोट टेकून आडवी झाली आणि एक डोळा मिटून बघून म्हणाली, "नी हाली." दुसऱ्याने ताबडतोब सांगितलं की हलली. त्यावरून भांडण झालं. सरांनी येऊन चष्मा लावून बघितलं. रेघ पूर्ण होती.

दुपारी ऊन चढलं. डब्यात परत भेंडी होती, पण दगडू खाताना जीपकडे बघत होता.

"खा की नीट," जया म्हणाली. "मी बघतेय ना तिकडे."

मग तो खाली बघून जेवला.

शाळा सुटायच्या घंटेला सर बाहेर आले. बरोबर सगळी शाळा. त्यांनी वाकून रेघेवरून बोट फिरवलं, बोटाला खडू लागला, टायरच्या एका बाजूपासून दुसरीपर्यंत. उठून उभे राहिले, हात झटकले.

"काय दुरुस्ती केलीत, दगडूजी?"

दगडूला सील सांगता आलं असतं. पट्ट्या, केबल, दाते, सगळं सांगता आलं असतं, आणि खोटंही ठरलं नसतं.

"सर, मीच रोज तेल पाजत होतो ब्रेकला," तो म्हणाला. "मिलची सवय. हिने वासावरून ओळखलं."

अच्युतरावांनी जयाकडे बघितलं. जया डबा बांधत होती, तिने मान वर केली नाही, पण कान लाल झाले.

"मग उद्यापासून?" सर म्हणाले.

"उद्यापासून थेंब नाही."

"ते नाही हो. उद्यापासून वेळेवर या, एवढंच म्हणतोय. पहिला तास साडेदहाला."

परतीच्या रस्त्याला मॅडम लोक मागे गप्पा मारत होत्या, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं. जया पुढे बसली होती. राऊ आलं, गेलं, दगडूला इंजिनाचा खडखडाट ऐकू आला नाही.

हात मात्र ऐकत नव्हता. पहाटे उठायचा, चहा, आणि कुप्पी. जीपला आता आठवड्यातून एकदाच, आणि ते पण जया शेजारी उभी राहून बोट दाखवेल तिथेच. बाकी दिवस तो कुप्पी घेऊन गल्लीत निघायचा. आधी शेजारच्यांचं फाटक. मग समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं मशीन. मग सार्वजनिक नळाचा दांडा, मग कोणाची सायकल, कोणाचा पाळणा. आता त्या गल्लीत एक दार वाजत नाही. लोकांना कळतच नाही कोण आलं आणि कोण गेलं. पत्ते खेळणाऱ्यांच्या बायका मागून येऊन उभ्या राहतात तेव्हा पत्ता लागतो.

मोहनच्या ठेल्याची चाकं पण त्याने सोडली नाहीत. पहिल्याच दिवशी ठेला उतारावरून एकटा निघाला आणि अर्ध्या गल्लीपर्यंत पोहे वाटत गेला. तेव्हापासून मोहन मागे लागलाय, "भिया, चार चाकं चकाचक केलीत ते ठीक. आता याला एक हँडब्रेक बसवून द्या."

दगडू म्हणतो, देतो. रविवारी ये.